मुस्तफा अक्कद : दोन दारांमध्ये उभा राहिलेला माणूस

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वक्ता नाही. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ‘आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या माणसाविषयी बोला’ असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा कोणी मोठा आलीम, नेता किंवा शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर आला नाही. आला तो सीरियातून अमेरिकेत गेलेला, टेलिव्हिजनमध्ये नोकरी करणारा आणि पुढे सिनेमे काढणारा एक गृहस्थ. त्यांचं नाव मुस्तफा अक्कद.

नाव ओळखीचं नसेल, पण ‘द मेसेज’ हा सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. उर्दूत डब केलेला, रमजानमध्ये किंवा ईदला घरात लागणारा. आमच्या कोकणात तर तो आखातातून आलेल्या बॅगांमधून पोहोचला. सोबत अत्तर, खजूर आणि एक कॅसेट. हजरत बिलाल पहिली अजान देतात तो प्रसंग आला की घरातली म्हातारी माणसं डोळे पुसायची. हा सिनेमा कोणी काढला, त्यासाठी त्याने काय सोसलं आणि शेवटी त्याचं काय झालं, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. ते आज सांगतो.

अक्कद यांचा जन्म १९३० सालचा, सीरियातल्या अलेप्पोचा. अरबीत या शहराला हलब म्हणतात. वडील कस्टम खात्यात नोकरीला. घरची परिस्थिती बेताची. मुलाने ठरवलं की आपण सिनेमाचा दिग्दर्शक होणार, आणि तोही हॉलिवूडमध्ये. आता विचार करा, आपल्याकडे एखाद्या मुलाने अब्बांना असं सांगितलं तर काय होईल? ‘आधी डिप्लोमा कर, मग बघू’ असंच उत्तर मिळेल. अक्कदच्या गावातही लोक हसले असतील. पण १९५०च्या दशकात मुलगा निघाला तेव्हा वडिलांनी त्याला दोन गोष्टी दिल्या : दोनशे डॉलर आणि कुरआनची एक प्रत. त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. हा प्रसंग अक्कद पुढे मुलाखतींमध्ये सांगत असत.

लॉस एंजेलिसला जाऊन त्यांनी यूसीएलए या विद्यापीठातून सिनेमाचं शिक्षण घेतलं. नंतर तिथल्याच यूएससीमध्ये पुढचं शिक्षण. तिथे त्यांची सॅम पेकिनपा या दिग्दर्शकाशी ओळख झाली. पेकिनपा अल्जेरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावर सिनेमा काढायच्या विचारात होते आणि त्यांना तो भाग, ती भाषा, ती माणसं माहीत असणारा सल्लागार हवा होता. तो सिनेमा झालाच नाही. पण पेकिनपांनी या तरुणाला धीर दिला आणि पुढे अक्कद सीबीएस या टेलिव्हिजन कंपनीत निर्माता म्हणून कामाला लागले.

या टेलिव्हिजनच्या वर्षांकडे कोणी फारसं लक्ष देत नाही. मला मात्र ती महत्त्वाची वाटतात. टीव्हीवरच्या निर्मात्याचं काम म्हणजे काय? कॅमेरा आणि माणसं वेळेवर जागेवर आणायची. पैसे ठरलेल्या रकमेत बसवायचे. कार्यक्रम ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला तयार ठेवायचा. त्यात कौतुक कमी आणि कटकट जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर रोजची डिलिव्हरी. अक्कद यांनी ही कामं केली, माहितीपट काढले, स्वतःची कंपनी उभी केली. हॉलिवूडमध्ये तेव्हा अरब नावाच्या माणसाला कोणी दिग्दर्शनाची संधी देणार नव्हतं. नाव बदला, असं सुचवणारेही भेटले. त्यांनी नाव बदललं नाही. लग्न केलं, संसार थाटला, मुलं झाली. वीसेक वर्षं परक्या देशात राहून ते काम शिकत होते.

आणि मग चाळिशीत त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम हाती घेतलं : पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळावरचा सिनेमा. कारण त्यांनी साधं सांगितलं होतं. पश्चिमेत राहणारा मुसलमान म्हणून इस्लामविषयी खरी माहिती लोकांपर्यंत पोहोचवणं हे त्यांना आपलं कर्तव्य वाटत होतं. त्यांची स्वतःची मुलं अमेरिकेत वाढत होती. मुलांच्या शाळेत, शेजारी, टीव्हीवर मुसलमान कसा दिसतो हे ते रोज बघत होते.

आता इथे मला माझ्या पेशामुळे फार रस वाटणारी गोष्ट येते. प्रश्न असा होता की ज्या सिनेमाचा केंद्रबिंदू पैगंबर आहेत, त्या सिनेमात पैगंबर दिसता कामा नयेत. त्यांचा आवाजही ऐकू येता कामा नये. त्यांच्या पत्नी आणि पहिले खलिफा यांनाही दाखवायचं नाही. आम्हा इंजिनिअर लोकांना अशा अटी घातल्या की आम्ही म्हणतो, ‘अटी बदला, नाहीतर जमणार नाही.’ अक्कदनी अट मान्य केली आणि त्यातून वाट काढली. पैगंबर जिथे असतील तिथे त्यांनी कॅमेरा ठेवला. समोरची पात्रं थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, थांबतात, ऐकतात आणि उत्तर देतात. आपल्याला काही ऐकू येत नाही, पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. काही ठिकाणी हजरत हमजा किंवा हजरत झैद त्यांचं म्हणणं इतरांना सांगतात. हजरत अलींच्या ठिकाणी फक्त त्यांची दुधारी तलवार दिसते. श्रद्धेचा मान ठेवायचा आणि गोष्टही सांगायची, दोन्ही साधलं.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. हा सिनेमा त्यांनी दोनदा काढला. एक इंग्रजीत, एक अरबीत. डबिंग नव्हे. सेट तोच, कपडे तेच, पण नट वेगळे. इंग्रजी सिनेमात हमजांची भूमिका अँथनी क्विन यांची, अरबीत अब्दुल्ला गैस यांची. हिंदची भूमिका इंग्रजीत आयरीन पापास यांनी केली, अरबीत मुना वासिफ यांनी. एक प्रसंग इंग्रजी नटांनी करायचा, मग तोच प्रसंग अरब नटांनी. खर्च वाढला, वेळ वाढला. पण अक्कदना दोन्ही प्रेक्षक हवे होते. एकाला सांगायचं होतं की तुझा शेजारी कशावर विश्वास ठेवतो ते बघ. दुसऱ्याला सांगायचं होतं की तुझी गोष्ट तुझ्याच भाषेत, तुझ्याच माणसांच्या तोंडून ऐक.

आपण घरी दखनी, कोकणी किंवा उर्दू बोलतो, शाळेत मराठी शिकतो, कामावर इंग्रजी बोलतो. एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी सांगायची सवय आपल्यालाही आहे. फरक इतकाच, की आपण बरेचदा एकीकडे एक सांगतो आणि दुसरीकडे भलतंच. अक्कदनी दोन्हीकडे एकच सांगितलं.

आता दारं बंद होण्याची कहाणी ऐका. हॉलिवूडने पैसे दिले नाहीत, हे अपेक्षितच होतं. अक्कद अरब देशांकडे गेले. संहिता कैरोच्या अल-अझहरच्या विद्वानांना दाखवली, लेबनॉनमधल्या शिया परिषदेला दाखवली. मोरोक्कोत मक्का शहराचा मोठा सेट उभारला, चित्रीकरण सुरू झालं. पण मक्केतल्या ‘राबिता’ या संघटनेचा विरोध होता, सौदी सरकारचा दबाव होता. मोरोक्कोच्या राजाला काम थांबवायला सांगावं लागलं. नट, तंत्रज्ञ, उंट, घोडे, सगळं घेऊन अक्कद लिबियात गेले. कर्नल गद्दाफींनी पैसे आणि जागा दिली, तेव्हा सिनेमा पूर्ण झाला.

इथे एक गोष्ट लपवायची नाही. गद्दाफी हुकूमशहा होते. त्यांच्या पैशावर हा सिनेमा आणि पुढचाही सिनेमा झाला, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. आदर वाटतो म्हणून माणसाचा हिशेब अर्धवट वाचू नये. पण ज्यांनी आधी दारं लावून घेतली त्यांनी त्यांना तिथपर्यंत ढकललं, हेही त्याच हिशेबात लिहिलं पाहिजे.

१९७६ मध्ये सिनेमा लंडनमध्ये आला. मूळ नावात पैगंबरांचं नाव होतं. धमक्यांचे फोन आले आणि नाव बदलून ‘द मेसेज’ करावं लागलं. मार्च १९७७ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित व्हायची वेळ आली आणि वॉशिंग्टनमध्ये भयंकर प्रकार घडला. हमास अब्दुल खालिस नावाच्या माणसाने आपल्या बारा-एक साथीदारांसह तीन इमारती ताब्यात घेतल्या आणि सुमारे दीडशे लोकांना ओलीस धरलं. त्या तीन इमारतींपैकी एक इस्लामिक सेंटर होतं, म्हणजे ओलिसांमध्ये मुसलमानही होते. एक तरुण रेडिओ पत्रकार मारला गेला. खालिसचं स्वतःचं दुःख मोठं होतं. चार वर्षांपूर्वी त्याच्या घरातल्या मुलाबाळांची हत्या झाली होती आणि तो गुन्हेगार आपल्या हवाली करा म्हणत होता. पण त्याची दुसरी मागणी होती : हा सिनेमा बंद करा. त्याने सिनेमा पाहिलेला नव्हता. अँथनी क्विन पैगंबरांची भूमिका करतोय अशी अफवा तेव्हा पसरली होती.

सिनेमा त्या दिवशी थिएटरांतून उतरवला गेला. सुमारे ३९ तासांनी ओलिसांची सुटका झाली. कशी झाली? इजिप्त, इराण आणि पाकिस्तान या तीन मुस्लिम देशांचे राजदूत खालिसला जाऊन भेटले आणि त्यांनी त्याच्यासमोर कुरआनच्या आयती वाचल्या. त्यातले पाकिस्तानचे राजदूत साहबजादा याकूब खान मूळचे आपल्या रामपूरचे. बंदुकीच्या जोरावर जे होत नव्हतं ते समजावण्याने झालं.

मित्रहो, हे अमेरिकेतलं आणि जुनं आहे असं म्हणून सोडून देऊ नका. २०१५ साली इराणचे दिग्दर्शक माजिद मजिदी यांनी पैगंबरांच्या बालपणावर सिनेमा काढला. संगीत ए. आर. रहमान यांचं. सिनेमा भारतात लागलेलाही नव्हता, तेव्हा मुंबईतल्या रझा अकादमीने दोघांविरुद्ध फतवा आणला. २०२० मध्ये तो ऑनलाइन दाखवण्याची बातमी आली, तेव्हा महाराष्ट्राच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून बंदी मागितली. पैगंबरांचं चित्रण नको, ही अनेकांची प्रामाणिक श्रद्धा आहे. ती मांडायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की आपल्यापैकी कितीजणांनी तो सिनेमा पाहून मत बनवलं? सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी खातरजमा करा अशी स्पष्ट ताकीद आहे. ती ताकीद व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवण्याच्या बटणालाही लागू होते.

अक्कद यांची कहाणी इथे संपत नाही. ‘द मेसेज’च्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं, पण धंद्याच्या दृष्टीने अमेरिकेत तो सिनेमा उभा राहिला नाही. मग त्यांनी काय केलं? तरुण दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांच्या एका भीतिपटाला त्यांनी सुमारे तीन लाख डॉलर दिले. तो १९७८ सालचा ‘हॅलोविन’. चाकू घेऊन फिरणाऱ्या मुखवटेवाल्या खुन्याची गोष्ट. त्याने कोट्यवधी डॉलर कमावले आणि पुढे एकामागून एक भाग निघाले. लोकांना गंमत वाटते, की मक्केवर सिनेमा काढणारा माणूस हॅलोविन काढतो! मला यात विसंगती वाटत नाही. घर चालवायला एक काम आणि मनाला पटणारं दुसरं काम, हे आपल्यापैकी कितीतरी जण करतात.

१९८१ मध्ये त्यांनी ‘लायन ऑफ द डेझर्ट’ आणला. लिबियात मुलांना कुरआन शिकवणारे उमर मुख्तार इटलीच्या फौजेशी वीस वर्षं लढले आणि १९३१ मध्ये त्यांना फाशी दिली गेली, त्याची ही गोष्ट. सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्च झाले आणि पैसे बुडाले. आपल्या सैन्याची बदनामी होते म्हणून इटलीने त्यावर बंदी घातली. तिथल्या टीव्हीवर तो दिसायला २००९ साल उजाडावं लागलं. बघा, एका सिनेमावर मुसलमान चिडले, दुसऱ्यावर युरोपातलं सरकार. आपल्याला न आवडणारी गोष्ट बंद पाडण्याची सवय कोणा एका धर्माची नाही.

त्यानंतर त्यांच्या मनात सुलतान सलाहुद्दीन अय्युबीवरचा सिनेमा होता. शॉन कॉनरींना घेऊन. पैसे जमवण्यासाठी ते वर्षानुवर्षं फिरत होते.

नोव्हेंबर २००५. अक्कद पंचाहत्तर वर्षांचे होते. एका लग्नासाठी ते जॉर्डनला आले. त्यांची मुलगी लेबनॉनमध्ये राहायची. चौतीस वर्षांची, दोन लहान मुलांची आई. तीही त्याच लग्नासाठी आली. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अम्मानमधल्या एका हॉटेलच्या लॉबीत वडील मुलीला भेटायला उभे होते. त्याच वेळी तिथे आत्मघाती स्फोट झाला. त्या संध्याकाळी शहरातल्या तीन हॉटेलांत स्फोट झाले, त्यातला एक तर लग्नाच्या मेजवानीत. पन्नासहून अधिक माणसं गेली, बहुतेक मुसलमान. इराकमधल्या अल-कायदाने जबाबदारी घेतली. मुलगी त्याच दिवशी गेली. अक्कद दोन दिवसांनी, ११ नोव्हेंबरला.

मारणाऱ्यांना ते कोण आहेत हे माहीतही नव्हतं. ज्या माणसाने इस्लामची गोष्ट जगाला सांगायला आयुष्य घातलं, त्याला इस्लामचं नाव घेणाऱ्यांनी मारलं. मी हे वाक्य जपून बोलतो, कारण अशा बातमीनंतर आपण लगेच म्हणतो, ‘ते मुसलमानच नव्हेत.’ तसं म्हटलं की आपली जबाबदारी संपते. पण ती पोरं कुठल्या तरी घरात वाढली, कुठल्या तरी भाषणांनी पेटली. ‘आमच्या धर्माविषयी कोण बोलणार हे आम्ही ठरवू’ हे वाक्य त्यांनीही कुठेतरी ऐकलं असेल. आपल्या मोहल्ल्यात ते कोणी बोललं तर त्याला तिथेच, सौम्यपणे पण स्पष्टपणे उत्तर द्यायला हवं.

अक्कद गेले, पण काम थांबलं नाही. त्यांचा मुलगा मालिक यांनी ‘हॅलोविन’ची निर्मिती सांभाळली आणि ‘द मेसेज’ची जुनी फिल्म स्वच्छ करून घेतली. २०१८ च्या ईदच्या सुमारास ती नवी प्रत आखाती देशांतल्या थिएटरांत लागली. सौदी अरेबियातसुद्धा. ज्या देशाच्या दबावामुळे सेट सोडून जावं लागलं होतं, तिथे चाळीसहून अधिक वर्षांनी लोक तिकीट काढून तो सिनेमा बघत होते. आजोबांनी विमानतळावर जे हातात दिलं, त्यातलं काही नातवापर्यंत पोहोचलं असं मी मानतो.

आता तुमच्याशी दोन शब्द आणि थांबतो.

टीव्हीवर, सिनेमात आपल्याला कसं दाखवतात याची तक्रार आपण सगळेच करतो. तक्रार खरी आहे. पण संपादन कोण शिकतंय? पटकथा कोण लिहितंय? ध्वनिमुद्रण, कॅमेरा, मराठी बातमीदारी यांत आपली किती मुलं-मुली आहेत? अक्कदनी तक्रार करायच्या आधी वीस वर्षं काम शिकून घेतलं. इथे इंजिनिअरिंगला, कॉमर्सला असणाऱ्यांपैकी ज्याला या कामाची ओढ आहे त्याने घरी बोलावं. आणि इथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे, दोनशे डॉलर नसले तरी चालेल, हसू नका. परवानगी द्या. मुलींनाही द्या.

दुसरं, जे काढाल ते मराठीतही काढा. आपल्या शेजाऱ्याला आपली ईद माहीत आहे, शीरखुर्मा माहीत आहे, त्यापलीकडे फारसं नाही. आणि आपल्याच घरातल्या प्रश्नांवर, तलाकवर, जातीवर, मुलींच्या शिक्षणावर जे बाहेर बोलाल तेच मोहल्ल्यातही बोला. दोन्हीकडून शिव्या पडतील. पडू द्यात. अक्कदनाही पडल्या, आणि आज त्यांचा सिनेमा तुमच्या-माझ्या घरात आहे.